सुरक्षा युटिलिटीची स्क्रीन समजेल अशी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बसून आम्ही तिघं जण विंडोजसाठी एक छोटी सुरक्षा युटिलिटी लिहितो आणि सांभाळतो. तिची कामं तीनच: ठरावीक फोल्डरला अनोळखी प्रोग्रॅमचा हात लागू न देणं, पेनड्राइव्ह तपासणं आणि महत्त्वाच्या फोल्डरला पासवर्डचं कुलूप लावणं. गेल्या वर्षभरात आतला कोड फारसा बदलला नाही. बदलल्या त्या स्क्रीन, बटणं आणि वाक्यं. त्यावर टॉवेलच्या कारखान्यांतून, डीटीपीच्या दुकानांतून आणि आमच्यासारखंच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सगळं चालू होतं, मग स्क्रीन बदलायची गरज का पडली?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी बसलो होतो. महिन्याची २० तारीख, जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस. दिवाणजी एका हाताने फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताने बिलं चाळत होते. तेवढ्यात आमची विंडो वर आली: "अनधिकृत प्रक्रियेद्वारे संरक्षित स्रोतामध्ये फेरफार करण्याचा प्रयत्न आढळला आहे. प्रतिबंध रद्द करावयाचा नाही काय?" खाली दोन बटणं, होय आणि नाही.

दिवाणजींनी फोन खाली ठेवला, चष्मा वर केला, वाक्य पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "सर, होय दाबलं तर थांबतंय का चालू राहतंय ओ?"

ते वाक्य मी लिहिलं होतं. आणि मलाही चटकन उत्तर देता आलं नाही.

मग जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. ही विंडो त्यांना तीन आठवड्यांपूर्वीही आली होती. तेव्हा त्यांनी जे बटण दाबलं, त्यामुळे हिशेबाच्या प्रोग्रॅमचा रोजचा बॅकअप आम्ही रोज अडवत होतो, तोही गुपचूप. त्या काळात डिस्क बसली नाही म्हणून निभावलं. कोडकडे पाहिलं तर युटिलिटीने सांगितलं तेवढंच केलं होतं. पण काय सांगतोय हेच माणसाला कळत नसेल, तर त्याच्या हो-नाहीला अर्थ काय? त्या दिवसापासून कामाचा क्रम आम्ही उलटा केला. आधी वाक्य लिहायचं, ते कोणाला तरी वाचून दाखवायचं, आणि मगच कोडला हात लावायचा.

आता तीच विंडो कशी दिसते?

अशी:

"हिशेबाचा बॅकअप" हा प्रोग्रॅम "हिशेब २०२५-२६" या फोल्डरमधल्या फाइली बदलू पाहतो आहे. आम्ही त्याला तूर्त थांबवलं आहे. बॅकअप तुम्हीच सुरू केला होता का?

बटणं: "हो, मीच केला. बदलू द्या" आणि "मला माहीत नाही. थांबवूनच ठेवा".

यातल्या प्रत्येक तुकड्यामागे कारण आहे. "तूर्त थांबवलं आहे" हे आधी सांगितल्यामुळे घाई राहत नाही. माणूस फोन संपवू शकतो, मालकांना विचारू शकतो. प्रोग्रॅमचं आणि फोल्डरचं नाव दिल्यामुळे कशाबद्दल बोलणं चाललंय ते कळतं. बटणावर काय घडणार ते लिहिलेलं आहे, त्यामुळे वरचं वाक्य न वाचता नुसतं बटण वाचणाऱ्यालाही (आणि बहुतेक जण तेच करतात) फसायला होत नाही. चुकून एंटर दाबलं गेलं तर प्रोग्रॅम थांबलेलाच राहतो.

सगळ्यात महत्त्वाचा आहे तो शेवटचा प्रश्न. प्रक्रिया अधिकृत आहे का, हे दिवाणजींना कसं कळणार? ते शोधणं आमचं काम. बॅकअप आपण सुरू केला होता का, हे मात्र त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं. म्हणून माणसाला जे ठाऊक असतं तेच विचारायचं, हा आमचा पहिला नियम.

पण व्हायरसने स्वतःचं नाव "बॅकअप" ठेवलं तर?

ठेवतातच. म्हणून नावाखाली दुसरी ओळ असते: बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासली, की सहीच नाही. सही नसेल तर "बदलू द्या" हे बटण लगेच दाबता येत नाही. आधी फाइल कुठून सुरू झाली ते उघडून पाहावं लागतं. डाउनलोड्स फोल्डरमधून किंवा पेनड्राइव्हवरून "बॅकअप" सुरू झालेला दिसला की न सांगताही माणूस सावध होतो.

लोकांनी मदतपुस्तिका नीट वाचली तर एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडूनच येतो. त्यांना मी १९९९ सालचा एक प्रयोग सांगतो. अल्मा व्हिटन आणि डग टायगर या संशोधकांनी पीजीपी ५.० हे ईमेल गुप्त करणारं सॉफ्टवेअर १२ जणांच्या हाती दिलं. त्या काळच्या मानाने त्याच्या स्क्रीन चांगल्या समजल्या जात. ९० मिनिटं दिली. सही करून आणि गुप्त करून संदेश नीट पाठवणं फक्त एक तृतीयांश लोकांना जमलं. एक चतुर्थांश लोकांनी तर जे लपवायचं तेच उघडं पाठवलं, आणि आपण ते गुप्त केलंय अशा समजुतीत राहिले.

ही माणसं आळशी नव्हती, बावळट तर नव्हतीच. संदेश गुप्त करण्यामागचं गणित पक्कं होतं आणि दरवाजाही भक्कम होता, पण कडी कुठल्या बाजूला आहे तेच दिसत नव्हतं. कॉम्प्युटरवर कोणी "सुरक्षा वापरायला" बसत नाही. चलान काढायला, पत्रिका छापायला, पगारपत्रक करायला बसतो. आपली विंडो त्या कामाच्या मध्ये येते, एवढं भान ठेवलं तरी पुष्कळ काही सुधारतं.

इशारे कमी का केले? मला तर सगळं कळायला हवं.

ज्यांना सगळं हवं त्यांच्यासाठी "नोंदी" या पानावर सगळं आहे, मिनिटासकट. पण समोर उडी मारून येणाऱ्या विंडो आम्ही मुद्दाम कमी केल्या.

नवी पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात लग्नसराईत दिवसाला तीस-चाळीस पेनड्राइव्ह येतात. पूर्वी दर पेनड्राइव्हमागे आम्ही तीन विंडो दाखवायचो: जोडला, तपासतो आहे, धोका नाही. दुकान चालवणाऱ्या ताईंच्या मागे मी तासभर उभा राहिलो. त्यांची नजर पत्रिकेतल्या गणपतीवर आणि माउस मात्र खाली उजव्या कोपऱ्यात, टक टक टक. विंडोकडे न बघता ती बंद करायची सवय त्यांच्या हाताला आम्हीच लावली होती. दुपारी एका पेनड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस निघाला, इशारा आला, आणि त्याच सवयीने तोही बंद झाला.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा मिळाला आहे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा ते बारीकसारीक कामालाही परवानगी विचारायचं. लोक वैतागले, कित्येकांनी ती सोयच बंद करून टाकली. २००९ च्या विंडोज ७ मध्ये किती वेळा विचारायचं हे ठरवायला चार पायऱ्यांची सरकपट्टी द्यावी लागली.

याचं उत्तर आम्हाला आपल्या मागावर सापडलं. धागातोड ओळखणारी सोय असलेल्या यंत्रमागावर ताण्याचा एक धागा तुटला की त्याच्यावरची पातळ पत्ती खाली पडते आणि माग थांबतो. हजारो धागे नीट चाललेत म्हणून माग कधी घंटा वाजवत नाही. थांबतो तो धागा तुटल्यावरच, आणि पडलेली पत्ती बघून विणकराला कुठे गाठ मारायची ते समजतं. आता पेनड्राइव्ह स्वच्छ असेल तर आमची युटिलिटी काहीच बोलत नाही, घड्याळाजवळच्या चिन्हावर बारीकशी खूण येते एवढंच. बिघाड असेल तर विंडो येते आणि काय करायचं ते सांगते.

शॉर्टकट व्हायरसची सूचना एवढी मोठी का आहे?

कारण तिथे लोक घाबरून स्वतःच्या हाताने नुकसान करून घेतात. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले की "गेलं सगळं" म्हणून पेनड्राइव्हला फॉरमॅट मारतात. खरं तर अशा वेळी मूळ फाइली बहुधा पुसलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. म्हणून पहिलीच ओळ ठळक आहे: "तुमच्या फाइली पेनड्राइव्हमध्येच आहेत. फॉरमॅट करू नका." ही ओळ लपवलेल्या फाइली खरोखर सापडल्यावरच दिसते. व्हायरसचं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात. घाबरलेल्या माणसाला आधी धीर लागतो, नाव-गाव नंतर.

मोठी हिरवी खूण काढून टाकली. आता सुरक्षित आहे की नाही ते कसं कळणार?

हिरवी खूण आम्हाला माहीत नसलेलं आश्वासन देत होती. "सुरक्षित" वाचून लोक समजायचे की आता कुठलीही लिंक उघडली तरी चालते. आम्हाला माहीत असायचं ते इतकंच की शेवटच्या तपासणीत काही सापडलं नाही.

ब्राउझरमधल्या कुलपाचंही असंच झालं. त्या चिन्हाचा अर्थ फक्त तुमच्या आणि वेबसाइटच्या मधली वाट झाकलेली आहे एवढाच. पण लोकांनी त्याचा अर्थ वेबसाइट विश्वासू असा घेतला. गूगलने २०२१ मध्ये सांगितलं की त्यांच्या अभ्यासात कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना बरोबर सांगता आला. फसवणाऱ्या साइटवरही कुलूप दिसतंच. २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह काढून त्या जागी सेटिंगचं साधं चिन्ह ठेवलं.

आमच्या पहिल्या स्क्रीनवर आता तीन ओळी आहेत: शेवटची तपासणी कधी झाली, शेवटचा बॅकअप कधी झाला, काही थांबवलेलं आहे का. बॅकअपला सात दिवस उलटले की ती ओळ सगळ्यात वर येते. दिवाणजींच्या कारखान्यात ही ओळ असती तर तीन आठवडे लागले नसते.

लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाही. माझं कसं?

आता रंगाबरोबर प्रत्येक ठिकाणी शब्द आणि वेगळा आकार असतो: थांबवलेलं म्हणजे चौकोन, चालू म्हणजे गोल. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ ठेवला आहे, वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला तेवढा सांगितला आहे. पण फिकट करडी अक्षरं काढायचं ठरलं ते आकड्यामुळे नाही. रस्त्याकडे तोंड करून असलेल्या दुकानात, एप्रिलच्या उन्हात, जुन्या मॉनिटरवर ती दिसतच नव्हती.

मराठी अशी का? "विलगीकरण", "कूटबद्ध" असे शुद्ध शब्द कुठे गेले?

प्रत्येक शब्दावर भांडून ठरवलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

"विलगीकरण" कोरोनानंतर सगळ्यांना कळतं, अडचण तीच झाली. एका काकांनी विचारलं, "माझ्या फाइलमुळे बाकीच्यांनाही लागण झाली का?" आता आम्ही लिहितो: "फाइल बाजूला ठेवली आहे." बाजूला ठेवलेली वस्तू परत आणता येते, हे त्या शब्दातच आहे.

"फायरवॉल"ला (नेटवरची नको ती ये-जा अडवणारी सोय) "अग्निभिंत" करून कोणाचं भलं झालं नसतं. फायरवॉलच ठेवलं. "मालवेअर"च्या (कुठलाही घातक प्रोग्रॅम) जागी "व्हायरस" लिहिलं. शास्त्राला धरून दोन्ही एक नाहीत, हे मान्य. पण व्हायरस म्हटल्यावर माणूस थांबतो, आणि तिथे आम्हाला तेच हवं असतं. "रॅन्समवेअर"ला मात्र "खंडणी मागणारा व्हायरस" हे मराठी नाव इंग्रजीहून जास्त स्वच्छ निघालं. तो काय करतो ते नावातच आलं. "अद्ययावत करा" गेलं, "अपडेट करा" आलं. "कृपया प्रतीक्षा करावी"चं "थांबा, तपासतो आहे" झालं.

"कूटबद्ध करा" (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं करणं) याऐवजी "कुलूप लावा" लिहिलं, पण या शब्दाने आम्हाला अजून पूर्ण समाधान नाही. त्याचं कारण पुढच्याच उत्तरात आहे.

कुलूप लावलेल्या फोल्डरचा पासवर्ड विसरलो. तुम्ही उघडून द्याल ना?

नाही. आम्हाला उघडता येत नाही. आमच्याकडे पासवर्डची प्रत नसते आणि मागचं दार ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर ते चोरालाही सापडलं असतं.

घराच्या कुलपाची किल्ली हरवली तर चावीवाला येतो, फार तर कुलूप तोडतात. "कुलूप" शब्द वाचून माणूस तेच गृहीत धरतो. म्हणून कुलूप लावण्याआधीची स्क्रीन आम्ही सगळ्यात जास्त वेळा पुन्हा लिहिली. आता तिथे आहे: "हा पासवर्ड विसरलात आणि सुटका-किल्लीचा कागदही नसेल तर हे फोल्डर कोणालाही उघडता येणार नाही. आम्हालाही नाही." त्यानंतर सुटका-किल्लीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर फोल्डर उघडायला लागणाऱ्या किल्लीचा, कागद छापायला सांगतो. छापल्यावर कागदावरचे शेवटचे सहा अंक टाइप केल्याशिवाय कुलूप लागत नाही. "मी वाचलं आहे" अशी टिक मागितली तर लोक न वाचताच टिक करतात. अंक टाइप करायला कागद हातात असावाच लागतो. कागद त्याच कॉम्प्युटरच्या कीबोर्डखाली ठेवू नका, तिजोरीत किंवा घरी ठेवा.

एकदा पाऊल टाकलं की मागे येता येत नाही अशी आमच्याकडे ही एकच जागा आहे. इथे अडवलं जाणं त्रासदायक वाटेल. तो त्रास आम्ही जाणूनबुजून ठेवला आहे.

चांगली फाइल बाजूला गेली. परत कशी आणू?

"बाजूला ठेवलेल्या फाइली" उघडा, फाइल निवडा, "जागेवर परत ठेवा". तीस दिवस आम्ही काहीच पुसत नाही.

बटणातली वेलांटी आणि रफार कापले जायचे, ते कसं सुटलं?

बटणाची उंची इंग्रजी अक्षरावर मोजली होती. देवनागरीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार, दोन्हीकडे जागा लागते. आता उंची मजकुरानुसार वाढते. विंडोज ८ पासून येणारा निर्मला यूआय फॉन्ट वापरतो. प्रत्येक नवी स्क्रीन "कीर्ती, वऱ्हाड, हृदय, ट्रॅक्टर" या चार शब्दांवर तपासतो. हे चार नीट दिसले की बाकीचं सहसा बिघडत नाही.

पूर्व भागातल्या आमच्या कारखान्यात घरची भाषा तेलुगू आहे. आणि दुरुस्तीला येणारा मुलगा इंग्रजी मागतो. मग?

भाषा पहिल्याच स्क्रीनच्या कोपऱ्यात बदलता येते. सध्या मराठी, हिंदी, इंग्रजी आहेत. तेलुगू आणि कन्नडचं काम सुरू आहे. त्यासाठी आम्हाला ती भाषा रोज बोलणारी माणसं हवी आहेत, नुसता शब्दकोश पुरत नाही. प्रत्येक इशाऱ्याच्या खाली एक क्रमांक असतो, तो सगळ्या भाषांत सारखाच. फोनवर तेवढा सांगितला तरी दुरुस्तीवाल्याला पुरतो.

स्क्रीन समजते की नाही, हे तुम्ही कसं तपासता?

कॉम्प्युटरमध्ये खरा व्हायरस सोडत नाही. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी चाचणी-फाइल असते. अँटिव्हायरस तिला व्हायरससारखंच पकडतात. ती टाकतो आणि माणूस काय करतो ते बघतो.

वापर-सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं की पाच जणांवर चाचणी घेतली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. पाच जण आम्हीही घेतो, पण कोण पाच ते बघून. इंजिनिअरिंगचे पाच विद्यार्थी बसवले तर आपली स्क्रीन उत्तमच वाटते. आमच्या पाचांत एक दिवाणजी, एक डीटीपीवाल्या ताई, एक शाळेतले क्लार्क, एक साठीच्या पुढचे मालक आणि मराठी सावकाश वाचणारं एक जण असतं. चाचणी त्यांच्या जागेवर, कामाच्या वेळेत होते. आपण गप्प बसायचं. "नाही नाही, ते बटण" असं तोंडून निघालं की ती चाचणी वाया गेली. शेवटी एकच प्रश्न विचारतो: "आत्ता काय झालं ते मला तुमच्या शब्दांत सांगा." नव्या स्क्रीनमधली निम्मी वाक्यं या उत्तरांतूनच उचलली आहेत.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं. ते तुमचंच होतं का?

नाही. आमच्या कुठल्याही इशाऱ्यात फोन नंबर नसतो, पैसे मागितलेले नसतात, ओटीपी मागितलेला नसतो, भोंगा वाजत नाही. असं जे येतं ते बहुधा ब्राउझरमधलं फसवं पान असतं. फोन करू नका, कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकू नका. ब्राउझर बंद होत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन लावा. जितका लवकर लावाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आपला इशारा खोट्या इशाऱ्यापासून ओळखू यावा म्हणून पहिल्यांदा टाकताना आम्ही तुम्हाला एक शब्द निवडायला सांगतो. आमच्या प्रत्येक विंडोच्या डोक्यावर तो दिसतो. कोणी "सिद्धेश्वर" ठेवलंय, कोणी नातवाचं नाव. वेबपानाला तो शब्द माहीत नसतो.

विंडोज १० वर चालते का?

चालते. पण मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि त्यातली भोकं आमची युटिलिटी बुजवू शकत नाही. पहिल्या स्क्रीनवर महिन्यातून एकदा तेवढं सांगतो, रोज नाही.

एखादी स्क्रीन मला कळली नाही. कशी कळवू?

मोबाइलने फोटो काढा, खाते नंबर आणि पार्ट्यांची नावं बोटाने झाका, आणि "मदत" पानावरच्या "कळलं नाही" या बटणातून पाठवा. सोबत दोनच ओळी पुरेत: तेव्हा तुम्ही काय काम करत होता, आणि बटण दाबल्यावर काय होईल असं वाटलं होतं. मराठी टायपिंग येत नसेल तर बोलून रेकॉर्ड करा. घरी, शेजाऱ्याशी बोलता तसंच बोला, आम्हाला तेच शब्द हवे असतात.